ताईची पुडी

ताईची पुडी मी बंद केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना उगाच दुसऱ्या कोणावर संशय जायला नको. भाऊजींनी नाही, गावातल्या कोणी नाही, मीच. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला होता.

मी यवतमाळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, नववी आणि दहावीला. आमचं माहेर यवतमाळचंच. वडील कचेरीत कारकून, काकाही कारकून, घरात कोणाला पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, झाड जवळून माहीत नाही. तरी ताईला राळेगावकडच्या एका खेड्यात दिली. तेव्हा कापूसवाल्याच्या घरी पोरगी देणं म्हणजे तिचं भलं करणं, असं वडलांना वाटायचं. पांढरं सोनं म्हणायचे लोक. ते सोनं माझ्या ताईनं वीस-बावीस वर्षं कमरेत वाकून वेचलं आणि चाळिशी उलटायच्या आत तिचे गुडघे गेले.

कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं. ते वाचलं की आपलं कोणी तिथं आहे का, हे आधी मनात तपासायची आम्हाला सवयच लागली होती. बोंडं फुटायची ती किडकी. मजूर मिळायचा नाही आणि मिळाला तर परवडायचा नाही, म्हणून घरातली बाईच वेचायला. ताईच्या दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या. राहिले कोण, तर ताई आणि भाऊजी. भाऊजी माणूस चांगला, पण त्यांना वेचणी जमायची नाही. कापसाबरोबर निम्मा पालापाचोळा घेऊन यायचे. ताई म्हणायची, "तुमी बसा बाप्पा बांधावर. तुमच्या वेचण्यानं मले दोनदा काम पडते."

तर गुडघे सुजले आणि तिनं पुडी सुरू केली. बाजाराच्या दिवशी जवळच्या गावात एक डॉक्टर यायचा. डॉक्टर म्हणायचं आपलं. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचा, पाटी नाही, काही नाही, पण बाहेर बायांची ही रांग. कागदाच्या घडीत पांढरी भुकटी. रोज सकाळी चहासोबत एक पुडी. ताईनं पहिली पुडी घेतली त्याच दिवशी दुपारी तिनं मला फोन केला. म्हणाली, "अवं, मी आज धावली. खरंच धावली. वासरू सुटलं होतं, त्याच्या मागं धावली."

चार वर्षं तिनं ती पुडी घेतली.

पहिल्या वर्षातच तिचा चेहरा गोल झाला. गाल भरले, मानेमागं मांस आलं, पोट सुटलं. सगळ्या नात्यात कौतुक. ताई आयुष्यभर काडी, म्हणून गाव तिला बघून हळहळायचं. तेच गाव आता म्हणू लागलं, बाईनं अंग धरलं. भाऊजींना तर लोक चिडवायचे की कापूस पिकला नाही पण बायको पिकली. आणि मी? मी विज्ञानाची शिक्षिका, मी पण म्हणाले, "ताई, छान दिसतेस गं, चेहऱ्यावर तेज आलं." हातापायावर काळेनिळे डाग पडायचे, पऱ्हाटीची काडी लागली तरी कातडी फाटायची. ते दिसत होतं मला. शेतात काम करणाऱ्या बाईला लागतंच, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मग त्या दिवाळीच्या आधी पेपरात एक बातमी आली. खेड्यापाड्यातल्या असल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात, त्यानं हाडं पोकळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजून गोल होतो. शिक्षकांच्या खोलीत बसून वाचत होते, ती ओळ मी परत वाचली. गोल चेहरा. बातमी मी शेवटपर्यंत वाचली की नाही, हे मला आज आठवत नाही. खूप वेळा आठवून पाहिलं. तास सुरू व्हायची घंटा झाली होती एवढं आठवतं. बातमीच्या शेवटी काही सूचना असेल, नसेल. मी पेपर घडी करून पर्समध्ये टाकला आणि दिवाळीच्या सुट्टीत तडक एसटीनं ताईकडे गेले.

गेले तर त्या दिवशी सीतादही होती. वेचणी सुरू करायच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग पहिली बोंडं वेचतात, तो दिवस. ताई नवी साडी नेसून, कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तयार. मला पाहून तिचा तो गोल चेहरा असा फुलला.

"आली काय मास्तरीनबाई? चाल वावरात. तुह्या हातानं पयलं बोंड वेचू."

मी म्हटलं, "आधी मला तुझ्या पुड्या दाखव."

तिला वाटलं मला पण गुडघ्याचं सुरू झालं. तिनं कौतुकानं चहाचा डबा काढून दिला. वीसेक पुड्या असतील. मी एक उघडली, जिभेला लावली, कडू. जणू काही जिभेला लावून मला कळणारच होतं. मग मी जे सुरू झाले ते सुरूच झाले. हे विष आहे, तुझी हाडं भुसा होतील, तू ज्याला तब्येत म्हणतेस ती सूज आहे, तो डॉक्टर नाही, दरोडेखोर आहे. वर्गात बोलते त्याच आवाजात बोलत होते. आवाज चढला की मला माझंच बोलणं जास्त खरं वाटायला लागतं, हा माझा जुना रोग. भाऊजी दारात उभे राहून ऐकत होते. ताई खाली बघत होती, तिचा नैवेद्याचा भात हातात.

शेवटी हळूच म्हणाली, "अवं, येवढी वेचणी तं होऊ दे. मंग सोडून देईन. वेचणीत मी बसली तं कोन वेचन?"

मी डबा घेतला आणि सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. कागद भर्रकन पेटले.

ताईनं हातातला भात खाली ठेवला. पण मी तिला ओळखत होते. बाजाराचा दिवस आला की ही जाणार आणि आणणार. म्हणून मी तिचा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "माझी शपथ घे. परत पुडी तोंडाला लावणार नाही म्हण." आमच्या आईकडून आलेली ही रीत. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, तर ज्याच्या डोक्यावर हात त्याचं बरंवाईट होतं. माझा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. मुलांना मी अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायची. पण ताईचा विश्वास होता, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी ते केलं. तिनं हात ओढून घ्यायला पाहिलं. मी सोडला नाही. तिनं शपथ घेतली, मग डोळे पुसले आणि आम्ही वावरात गेलो.

परत आल्यावर मी घरी सगळ्यांना रंगवून सांगितलं. नवरा म्हणाला, "बरं केलंस." शाळेत सांगितलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिक्षण घरोघरी असंच पोचायला हवं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून ताईचे फोन सुरू झाले. गुडघे दुखतात, हे मला अपेक्षितच होतं. मग म्हणायला लागली, आंग गळून गेलं, उठवत नाही, भाकर तोंडात फिरते. उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. मी म्हटलं, "सवय सुटताना असंच होतं. दारू सोडणाऱ्याला नाही का होत? शरीर विष बाहेर टाकतंय. पंधरा दिवस काढ."

"मले लय भेव वाटून राह्यलं वं," ती म्हणाली. "कायचं भेव, थे नाई समजत. बसल्या बसल्या वाटते."

"ते सगळं मनाचं असतं, ताई."

मी हे म्हणाले. मी.

त्याच आठवड्यात मी दहावीला नियंत्रणाचा धडा घेत होते. शरीरावर कोणाकोणाचा हुकूम चालतो, हा. हा माझा आवडता धडा. साप दिसला तर पाय आधी उडतो आणि डोकं मागून घाबरतं, ते मज्जातंतूंचं काम, फोनसारखं, लगेच. ग्रंथींचं काम पोस्टकार्डासारखं. सावकाश येतं, पण सगळ्या घराला वाचून दाखवलं जातं. मूत्रपिंडावर दोन लहान ग्रंथी टोपीसारख्या बसलेल्या असतात. अंगावर संकट आलं, ताप आला, मार लागला, उपास पडला, की या दोघी रक्तात आपला रस सोडतात आणि त्या जोरावर माणूस तग धरतो. त्यांना हुकूम येतो मेंदूखालच्या ग्रंथीकडून, आणि तिला येतो मेंदूकडून. रक्तात रस पुरेसा झाला की वरून हुकूम थांबतो. हे समजवायला मी दरवर्षी टाकीतल्या फुग्याचं उदाहरण द्यायची. पाणी भरलं की फुगा वर येतो आणि नळ आपोआप बंद. यवतमाळच्या पोरांना त्याचं हसू यायचं, कारण आमच्याकडे नळ आठ-आठ दिवस येतच नसे.

त्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कोणी बाहेरून बादल्या आणून रोज टाकी भरली तर? नळ बंदच राहील ना?"

मी म्हटलं, "शाबास. बंदच राहील."

"मग नंतर बादल्या बंद केल्या तर?"

"मग काय, गंजलेला नळ. ठोकला तरी पाणी यायचं नाही." वर्ग हसला. मी पण हसले. फळ्यावर त्या ग्रंथींचं चित्र होतं, माझ्या हातात खडू होता आणि माझी बहीण पंचेचाळीस किलोमीटरवर पऱ्हाटीत बसून बोंडं वेचत होती, कारण तिला उभं राहवत नव्हतं. मला काहीही सुचलं नाही. तास संपला, मी हजेरी घेतली, डबा खाल्ला.

तिसऱ्या आठवड्यात ताईला ताप आला. साधा ताप, तेव्हा गावात साथच होती. भाऊजींना दोन दिवसांत बरा झाला. ताईला उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा, मग हातपाय गार. भाऊजींनी तालुक्याला नेलं, तिथून यवतमाळला मोठ्या दवाखान्यात. मी दुपारी शाळेतून सुटले ती तशीच रिक्षा करून गेले. ताईचा तो भरलेला चेहरा तसाच गोल होता, पण रंग राखेचा. मला बघून तिनं हसल्यासारखं केलं. तोंड कोरडं पडलेलं. मी तिच्या ओठांना पाणी लावलं.

तरुण डॉक्टर होता, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांएवढा. रक्तदाब मोजला, परत मोजला. सलाइन सुरूच होतं. मला विचारलं, "घरी यांचं काही औषध चालू आहे का? बीपी, शुगर, आणखी काही?"

मी म्हटलं, "नाही. आता काहीच नाही."

खोटं नव्हतं ते. पण मी सांगू शकत होते, तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत होतं म्हणून. का नाही सांगितलं? मला लाज वाटली. मी शिक्षिका, इस्त्रीची साडी, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, आणि माझी सख्खी बहीण किराणा दुकानामागच्या माणसाकडून पुड्या खाते, हे त्या पोराला कसं सांगायचं? शिवाय माझ्या हिशेबी तो विषय संपला होता. विष गेलं होतं. त्यानं कागदावर लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. ताई तेव्हा हाक मारली तर डोळे उघडायची, पण कोण ते तिला कळत नव्हतं. त्यांनी तिचा चेहरा पाहिला. मानेमागं हात लावून पाहिलं, दंडाची कातडी चिमटीत धरली. मग वळून सरळ मलाच विचारलं, "या बाई स्टिरॉइड घ्यायच्या का?"

मी म्हटलं, "चार वर्षं घ्यायच्या. पण मी बंद केलं. एका दिवसात बंद केलं." त्या क्षणीसुद्धा माझ्या आवाजात थोडं कौतुकच होतं. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नर्सला इंजेक्शन आणायला पळवलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, "एकदम बंद नसतं करायचं. थोडं थोडं, महिनोन् महिने कमी करत जायचं असतं. चार वर्षं बाहेरून मिळत होतं, तर तिच्या ग्रंथी झोपल्या. त्यात ताप आला. अंगाला जोर कुठून येणार?"

त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं तेव्हाच मला वर्ग दिसला, फळा दिसला, बादल्या दिसल्या. जी बाई हे दरवर्षी शिकवत होती, तिलाच हे सांगावं लागत होतं. भिंतीला टेकून मी खाली बसले. भाऊजींना वाटलं मला चक्कर आली. ते बिचारे माझ्यासाठी पाणी आणायला धावले.

इंजेक्शनं दिली. उशीर झाला होता. दुपारी एकच्या सुमारास ताई गेली. त्या दुपारी दवाखान्याबाहेर रोजच्यासारखी चहाच्या टपरीवर गर्दी होती आणि कापसाच्या गाड्या चालल्या होत्या.

लोकांनी कारण ताप धरलं. त्या साथीत गावात आणखी कोणी गेलं नव्हतं, तरी ताप म्हणाले. कोणी म्हणालं, इतकी वर्षं विष खाल्लं, आतून पोखरली होती, बहिणीनं सोडवलं पण फार उशिरा. हे माझ्यासमोर म्हणत आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत. मी एका शब्दानं कोणाला काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. बरोबर उत्तर माहीत असून गप्प बसणाऱ्या पोराला मी वर्गात बाकावर उभं करायची.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. मी आणि भाऊजी ओसरीत बसलो होतो. वावरात दुसरी वेचणी आलेली, कापूस तसाच झाडावर लोंबत होता, आणि आता तो कोण वेचणार हे दोघांपैकी कोणी काढत नव्हतं. भाऊजी बराच वेळ तळहात बघत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमाले एक सांगतो. रागावू नोका."

मी म्हटलं, "बोला."

"तालुक्याले न्यायच्या आदल्या दिवशी मी पुडी आनली होती. तुमच्या चोरून. मले तिचे हाल पाहवत नव्हते. मले वाटलं, पुडीनं उठून बसते थे, मंग एक देऊन पाहू. चहात कालवली अन् तोंडाशी नेली. तिनं दात आवळले. म्हने, माह्या बहिणीची शपथ हाय. मी घेतली तं थे मरन. मी लय समजावलं. जबरदस्ती बी केली. तोंडच उघडलं नाई तिनं."

माझ्या डोक्यावर जिथं तिचा हात होता तिथं मला काहीच जाणवत नव्हतं. पायात मुंग्या आल्या होत्या, तेवढंच कळत होतं.

भाऊजींनी मान वर केली. चौदा-पंधरा दिवसांत हा माणूस म्हातारा झाला होता. "तुमी शिकलेल्या हा. खरं सांगा," ते म्हणाले. "थे पुडी मी तिच्या नरड्यात घातली असती, तं वाचली असती काय थे?"

मला उत्तर ठाऊक होतं. ती पुडी उलटीत पडली नसती, पोटात टिकली असती, तर निदान दवाखान्यापर्यंत ती बऱ्या अवस्थेत पोचली असती. बहुतेक वाचलीच असती. जे मी जाळलं होतं तेच तिला हवं होतं, आणि ते तिच्या ओठांपर्यंत येऊन माझ्या नावानं परत गेलं होतं. हे त्यांना सांगितलं असतं तर जबरदस्ती पुरती केली नाही म्हणून ते जन्मभर स्वतःला खात बसले असते. आणि मग कधीतरी, उद्या नाही तर दहा वर्षांनी, त्यांनी विचारलं असतं की शपथ घालायला कोणी सांगितलं होतं. मी त्यांच्यासाठी खोटं बोलले की माझ्यासाठी, हे मी तेव्हा ठरवलं नाही. आजही ठरत नाही.

"नाही, भाऊजी," मी म्हणाले. "पुडीनं काही झालं नसतं."

त्यांचे खांदे खाली आले. मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तुमी होत्या म्हनून बरं झालं, बाई. तुमीच तिचं थे विष सोडवलं. नाई तं तशीच गेली असती." आणि मला चहा ठेवायला ते स्वतः उठून आत गेले.